आफ्रिकेतील मोठ्या जनावरांवर शिकारीची गोळी नेमके काय काम करते? – धातू, घडण आणि भेदन

धातुविद_किटवे

नमस्कार मंडळी.

झांबियातील कॉपरबेल्ट भागात, किटवे येथे, माझी नोकरीची बावीस वर्षे तांब्याच्या खाणींच्या प्रयोगशाळेत गेली. मी स्वतः शिकारी नाही आणि होण्याची इच्छाही नाही. परंतु माझे एक शेजारी परवानाधारक शिकारी होते. त्यांच्याबरोबर लुआंग्वा खोऱ्यात, राष्ट्रीय उद्यानाबाहेरच्या शिकारीसाठी राखून ठेवलेल्या क्षेत्रात, मी दोनदा पाहुणा म्हणून गेलो. त्या दोन फेऱ्यांमधून मी दोन गोळ्या परत आणल्या. त्या आजही माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि हा धागा त्यांच्यावरच आहे.

दोन्ही गोळ्या .३७५ एच अँड एच मॅग्नम या काडतुसाच्या. हे काडतूस १९१२ साली बाजारात आले आणि आफ्रिकेत आजही धोकादायक जनावरांसाठी किमान पात्रतेचे म्हणून तेच धरले जाते. गोळीचे मूळ वजन ३०० ग्रेन, म्हणजे सुमारे १९.४ ग्रॅम, आणि नळीतून निघताना वेग सेकंदाला साधारण ७७० मीटर. दोन्ही गोळ्या मऊ टोकाच्या, लागल्यावर उमलणाऱ्या, म्हणजे शिकारी ज्यांना 'सॉफ्ट' म्हणतात त्या प्रकारच्या होत्या आणि दोन्ही केप म्हशीच्या नरावर, म्हणजे रानरेड्यावर, पन्नास मीटरच्या आतून झाडलेल्या होत्या.

पहिली गोळी खांद्याच्या सांध्यावर लागली. रेडा गुडघ्यावर आला, उठला आणि मोपानेच्या झाडीत शिरला. त्यानंतर चार तास आम्ही त्याचा माग काढत होतो. रक्त आधी पानांवर पसरट दिसत होते, पुढे थेंबाथेंबाने, आणि नंतर माग काढणारा माणूस फक्त खुरांच्या ठशांवर चालत होता, कारण जखमी पायाचा खूर मातीत ओढल्यासारखा उमटत होता. अखेर दोन सॉलिड, म्हणजे न उमलणाऱ्या, गोळ्यांनी तो पडला. ते चार तास मी विसरू शकलेलो नाही. एका प्रचंड, जिवंत प्राण्याने ते चार तास मोडलेल्या खांद्यासह काढले होते.

कातडे सोलताना पहिली गोळी सांध्याच्या जरा पलीकडेच सापडली. खरे तर गोळी नव्हेच, तांब्याच्या कवचाचा चुरगळलेला तुकडा होता. प्रयोगशाळेतील तराजूवर त्याचे वजन ८.५ ग्रॅम भरले. शिसे सुटून मांसात विखुरले होते.

दुसऱ्या वर्षीची गोळी एका बाजूच्या बरगडीतून शिरून, दोन्ही फुप्फुसे पार करून, पलीकडच्या कातड्याखाली थांबलेली होती. कातड्यावरून हात फिरवताना बोराएवढी गाठ लागली. सुरीच्या टोकाने चीर दिल्यावर ती अळंबीसारखी उमललेली गोळी अखंड बाहेर आली. वजन १७.९ ग्रॅम. रेडा ऐंशी-नव्वद पावलांत कोसळला होता.

काडतूस, वजन आणि वेग तेच असूनही एक गोळी ४४ टक्के उरली आणि दुसरी ९२ टक्के. फरक फक्त घडणीचा होता. माझे म्हणणे असे की आफ्रिकेतील मोठ्या जनावरांच्या बाबतीत गोळीच्या ऊर्जेच्या आकड्यांपेक्षा ती अखंड राहून सरळ रेषेत किती खोल जाते, हेच निर्णायक असते. जाणकारांनी यावर जरूर लिहावे.

अचूक_नेम

लेख आवडला, पण निष्कर्ष मान्य करणे मला कठीण जाते. ऊर्जा महत्त्वाची नसती, तर आफ्रिकेतील देशांनी कायद्यात ऊर्जेची किमान मर्यादा का घातली असती? नामिबियात हत्ती, गेंडा, पाणघोडा आणि रानरेडा यांच्यासाठी नळीच्या तोंडाशी किमान ५४०० जूल ऊर्जा असणे बंधनकारक आहे. तुमच्या ३७५ ची ऊर्जा ५७०० जूलच्या वर जाते, म्हणून ती पात्र ठरते. शिवाय जॉन टेलर या आफ्रिकेत आयुष्य घालवलेल्या शिकाऱ्याने गोळीच्या धक्क्याचे सूत्रच दिले आहे : ग्रेनमधील वजन, फुटांमधील वेग आणि इंचांमधील व्यास यांचा गुणाकार करून त्याला ७००० ने भागायचे. त्यानुसार ३७५ ला साधारण ४० आणि .४७० नायट्रो एक्सप्रेस या अधिक जड काडतुसाला ७० च्या वर गुण मिळतात. मोठ्या बंदुकीचा धक्का मोठा, हे त्यातून स्पष्ट होते.

धातुविद_किटवे

आपला मुद्दा रास्त आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी टेलर यांचे सूत्र घेऊ. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा, म्हणजे २४७० ग्रेनच्या आसपास असतो. त्याचा व्यास पावणेतीन इंचांहून थोडा अधिक आणि वेगवान गोलंदाजाचा वेग ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १२८ फूट. सूत्रात हे आकडे घातले की चेंडूला १२७ गुण मिळतात, म्हणजे ३७५ च्या तिप्पट. त्या चेंडूने रेडा मरणार नाही, हे आपल्यालाही मान्य होईल. टेलर यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे की हत्तीच्या डोक्यावर झाडलेली जड सॉलिड गोळी मेंदूला चुकली, तर हत्ती किती काळ सुन्न होईल, एवढ्याच तुलनेसाठी त्यांनी ते मांडले होते. पुढच्या लोकांनी ते सर्वत्र लावले. त्या सूत्रात गोळीच्या घडणीला जागाच नाही, आणि माझ्या खणातील दोन्ही गोळ्यांना त्यात समान गुण मिळतात.

आता ऊर्जा. ज्या देशांत धनुष्यबाणाने रानरेड्याच्या शिकारीला परवानगी आहे, तेथे ताकदवान धनुष्यातून सुटलेल्या जड बाणाची ऊर्जा जेमतेम शे-सव्वाशे जूल असते. तरीही तो बाण बरगड्यांमधून फुप्फुसांत गेला तर रेडा मरतो, कारण रक्तवाहिन्या तुटतात आणि रक्तदाब कोसळतो. ऊर्जा हे काम करण्याची क्षमता आहे हे खरे, पण ते काम कुठे झाले हे तिच्यावरून कळत नाही. माझ्या पहिल्या गोळीने आपली सगळी ऊर्जा त्या जनावरातच खर्च केली होती. ती फक्त खांद्याच्या मांसात आणि हाडात खर्च झाली, हृदयापर्यंत पोहोचलीच नाही.

भेदनाचा विचार करताना मला एक साधी गोष्ट उपयोगी पडते : गोळीच्या तोंडाच्या दर चौरस मिलिमीटरमागे वजन किती आहे. इंग्रजी पद्धतीत यासाठी पौंडांतील वजनाला इंचांतील व्यासाच्या वर्गाने भागतात. ३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीसाठी तो आकडा ०.३०५ येतो. मात्र हा आकडा गोळी जनावराला लागेपर्यंतच खरा असतो. मऊ टोक उमलून व्यास ९.५ वरून १९ मिलिमीटर झाला की तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि आकडा चौथ्या हिश्शावर येतो. त्यात निम्मे वजनही सुटून गेले, तर तो आठव्या हिश्शावर येतो. पहिल्या गोळीचे झाले ते एवढेच.

जुनी_काडतुसे

वा! अशा धाग्याची वाट पाहत होतो. इतिहासाच्या अंगाने थोडी भर घालतो.

वरच्या आकड्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वॉल्टर बेल, ज्यांना युगांडातील करामोजा प्रदेशामुळे 'करामोजो' बेल म्हणत. त्यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यातले बरेच ७ x ५७ माउझरने, ज्याला इंग्लंडमध्ये .२७५ रिग्बी म्हणत. गोळी १७३ ग्रेनची, पूर्ण कवचाची, न उमलणारी. वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर धरला तर ऊर्जा २७५० जूलच्या आसपास येते, म्हणजे नामिबियाच्या आजच्या मर्यादेच्या जेमतेम निम्मी. पण धातुविद साहेबांचा आकडा काढून पाहा : ०.३०६ येतो, म्हणजे ३७५ च्या अगदी बरोबरीचा. लांब, बारीक आणि न वाकणारी गोळी हत्तीच्या मेंदूपर्यंत पोहोचत होती. बेल यांनी हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा अभ्यास केला होता, हेही विसरता येत नाही.

मात्र बेल यांच्या उदाहरणावरून आज कोणी हलकी बंदूक घेऊन हत्तीसमोर जाऊ नये. ते असामान्य नेमबाज होते आणि निवांत उभ्या असलेल्या जनावरावर, कोन साधेपर्यंत थांबून, बार काढीत. अंगावर धावून येणाऱ्या हत्तीपुढे असा निवांतपणा मिळत नाही. कायदा किमान मर्यादा घालतो, तो सामान्य शिकाऱ्याच्या वाईट दिवसासाठी असतो, आणि ते योग्यच आहे.

या विषयाचे दोन धागे थेट हिंदुस्थानशी जोडलेले आहेत. पहिला डमडमचा. .३०३ ची पूर्ण कवचाची लष्करी गोळी शत्रूला थांबवत नाही, अशी तक्रार वायव्य सरहद्दीवरून आल्यानंतर १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी बनली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा उमलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र नेमके उलटे आहे : तेथे उमलणारी गोळीच जनावराला लवकर मारते, म्हणून तीच दयाळूपणाची मानली जाते.

दुसरा धागा .४५० व्यासाच्या बंदीचा. इंग्रज सरकारला भीती होती की या व्यासाच्या गोळ्या बंडखोरांच्या हातातील जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडतील, म्हणून हिंदुस्थान आणि सुदानमध्ये खासगी .४५० बंदुकांवर बंदी आली. त्यामुळे विलायती कारागिरांनी जरा मोठ्या व्यासाची नवी काडतुसे काढली. १९०७ चे .५००/४६५ त्यातलेच, आणि ज्या .४७० चा उल्लेख वर आला, त्याची भरभराटही याच बंदीमुळे झाली. आफ्रिकेत जी काडतुसे अभिजात समजली जातात, त्यांतल्या काहींचे व्यास हिंदुस्थानातील एका सरकारी आदेशाने ठरले आहेत. त्यांच्या, दारू भरायच्या लांबलचक पितळी कोशांचे कारणही हवामानात आहे. कॉर्डाइट ही दारू उष्णतेत जास्त दाब निर्माण करी, म्हणून मोठ्या पोकळीत दाब मुद्दाम कमी ठेवला जाई.

पशुवैद्य_नागपूर

शरीररचनेबद्दल लिहितो, कारण गोळी कितीही चांगली असली तरी तिला जायचे कुठे हे ठाऊक हवे. आपली पाळीव म्हैस आणि आफ्रिकेतील रानरेडा यांच्या जाती वेगळ्या असल्या, तरी छातीची आणि पोटाची मांडणी बरीच सारखी आहे. म्हशींचे शवविच्छेदन मी शेकडो वेळा केले आहे.

हृदय छातीत फार खाली, पुढच्या पायांच्या मधोमध, तळच्या तिसऱ्या भागात असते. नवख्या माणसाला ते मध्यावर असेल असे वाटते आणि नेम वर जातो. खांद्यावरचा उंचवटा म्हणजे मणक्यांची वर आलेली उंच हाडे असतात. त्यांना गोळी लागली तर मज्जारज्जूला हादरा बसून जनावर धाडकन पडते, शिकारी आनंदित होतो, आणि अर्ध्या मिनिटात तेच जनावर उठून उभे राहते. खरा पाठीचा कणा त्या भागात बराच खालून जातो.

दुसरी गोष्ट रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाची. मागून तिरका नेम धरला तर गोळीला ओल्या, दाबून भरलेल्या चाऱ्याच्या गोण्यातून जावे लागते. उमलणारी गोळी तिथेच अडकते. म्हणून जखमी होऊन पळणाऱ्या रानरेड्यावर मागून बार काढायचा असेल तर सॉलिडशिवाय पर्याय नसतो.

आणि हृदय फुटले तरी जनावर जागीच पडेल अशी अपेक्षा चुकीची आहे. मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर ते दहा-पंधरा सेकंद धावू शकते, आणि तेवढ्यात रानरेडा शंभर मीटर सहज जातो. आपल्या दुसऱ्या रेड्याची ऐंशी-नव्वद पावले ही उत्तम गोळीची खूण आहे.

हत्तीचे डोके बाहेरून दिसते तेवढे भरीव नसते. कवटीचा मोठा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हवेच्या कप्प्यांचा असतो आणि जेमतेम पाच किलोचा मेंदू त्यात अगदी मागे, दोन्ही कानांच्या छिद्रांना जोडणाऱ्या रेषेवर बसलेला असतो. समोरून तिथे पोहोचायचे तर पोकळ हाडाच्या पडद्यांमागून पडदे फोडीत जावे लागते, आणि डोके जरा वर-खाली झाले की कोन बदलतो. तिथे उमलणाऱ्या गोळीचे कामच नाही.

अचूक_नेम

डॉक्टरसाहेब, आभार. ऊर्जेबद्दलचा माझा आग्रह मी मागे घेतो. पण मग सर्वच जनावरांवर सॉलिड का वापरू नये? ती अखंड राहते आणि खोल जाते, म्हणजे दोन्ही अटी पूर्ण करते.

धातुविद_किटवे

दोन कारणांमुळे. रानरेडे कळपात असतात, आणि सॉलिड गोळी एकाला आरपार भेदून मागच्या झाडीत उभ्या असलेल्या, दिसतही नसलेल्या दुसऱ्याला जखमी करू शकते. म्हणून कळपातील रेड्यावर पहिली गोळी उत्तम घडणीची सॉफ्ट आणि त्यामागून सॉलिड, असा क्रम बहुतेक अनुभवी शिकारी ठेवतात. दुसरे असे की सॉलिडची जखम अरुंद असते. सिंह किंवा बिबट्या यांची कातडी आणि हाडे त्या मानाने हलकी, तेथे लवकर उमलून रुंद जखम करणारी गोळीच हवी. हत्तीसाठी मात्र सॉलिडच, हे डॉक्टरसाहेबांनी सांगितलेच आहे.

सॉलिडमध्येही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या सॉलिड गोळ्यांचे टोक गोल असे आणि त्या कधी कधी शरीरात वळून भलतीकडे निघत. नळीतील आट्यांमुळे, म्हणजे आतल्या पिळदार खाचांमुळे, मिळालेली फिरकी गोळीला हवेत स्थिर ठेवते, पण शरीराची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असते आणि तेथे ती फिरकी अगदीच अपुरी पडते. सपाट टोकाची गोळी पुढचा द्रव बाजूला फेकून आपल्याभोवती पोकळी तयार करते, तिच्या कुशीला काही स्पर्शच होत नाही, आणि ती पुष्कळ सरळ जाते. हवेसाठी सर्वांत वाईट असलेला आकार शरीरासाठी सर्वांत चांगला ठरतो, याचे मला एक अभियंता म्हणून फार अप्रूप वाटते.

सह्यवाट

मी या क्षेत्रातली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे हा धागा मी थोड्या जड मनाने वाचत होते. तरी एक प्रश्न विचारते. पहिल्या गोळीचे जे अकरा ग्रॅम सापडले नाहीत, ते कुठे गेले? मी गिधाडांच्या नोंदी ठेवते, म्हणून मला याची काळजी वाटते.

धातुविद_किटवे

ताई, आपण या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारलात.

ते अकरा ग्रॅम जवळजवळ सगळे शिसे होते आणि ते खांद्याच्या मांसात बारीक कणांच्या रूपात राहिले. तेवढा भाग आम्ही कापून टाकला. तो जमिनीवर पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर गिधाडे होती. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता. गिधाडांच्या पोटातील आम्ल इतके तीव्र असते की शिशाचा कण त्यात विरघळून रक्तात जातो. बोत्स्वानातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या रक्तात वाढलेले शिसे आढळले आहे आणि त्याचा संबंध शिकारीच्या गोळ्यांशी जोडला गेला आहे. कॅलिफोर्नियात काँडोर या तिकडच्या गिधाडांसाठी १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. आपल्याकडे गिधाडांचा घात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने केला आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तो मार्ग वेगळा होता, पण विष मेलेल्या जनावराच्या मांसातूनच पोहोचत होते.

यावर उपाय आहे : संपूर्ण तांब्याची गोळी. तिच्या टोकात पोकळी ठेवलेली असते, आत द्रव घुसल्यावर ती चार पाकळ्यांत उमलते आणि वजन जवळजवळ सगळे टिकून राहते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत अशा गोळ्या मिळू लागल्या. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीत अधिक पीळ लागतो. जुन्या, पातळ नळ्यांच्या जोडनळी बंदुकांत कडक गोळी आट्यांवर ताण आणते, त्यासाठी आता गोळीवर खाचा पाडतात म्हणजे धातूला सरकायला जागा मिळते. या अडचणी सोडवता येण्याजोग्या आहेत आणि ज्या जमिनीवर गिधाडे उतरतात, तेथे शिसे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खडकीकर_निवृत्त

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षे गोळ्यांची कवचे साच्यातून ओढून घडवण्याच्या विभागात काम केले. आमच्या गोळ्या लष्करी, न उमलणाऱ्या. तरी एक प्रश्न मनात आला. धातुविद साहेब, आपल्या पहिल्या गोळीच्या कवचाची आतली बाजू एकदा भिंगाखाली पाहा. तेथे शिशाचा थर चिकटलेला आहे की तांबे स्वच्छ आहे? साध्या गोळीत शिशाचा गाभा कवचात फक्त दाबून बसवलेला असतो, जोडलेला नसतो. शिसे आणि तांबे घन अवस्थेत एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून झाळकाम केल्यासारखी पृष्ठभागाची तयारी केल्याशिवाय ते चिकटत नाहीत. अमेरिकी गोळीनिर्माते जॉन नोस्लर यांना १९४६ साली कॅनडात मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीत असाच अनुभव आला होता आणि त्यांनी कवचातच मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवून मागचे शिसे सुरक्षित केले. पुढे काहींनी गाभा कवचाला झाळून एकजीव केला, तर काहींनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. आपली दुसरी गोळी यांतली कोणती आहे, ते कापून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

धातुविद_किटवे

काका, आपल्या सांगण्यावरून काल दोन्ही गोळ्या बाहेर काढल्या.

पहिल्या गोळीचे कवच दहापट भिंगाखाली पाहिले. आतली बाजू स्वच्छ, लालसर, चकचकीत आहे, आणि ओढकामाच्या उभ्या रेषासुद्धा जशाच्या तशा दिसतात. शिशाचा मागमूस नाही. ते कधी चिकटलेलेच नव्हते.

दुसरी गोळी कापायला मन धजत नव्हते, तरी बारीक पात्याच्या करवतीने उभी कापली आणि पॉलिश केली. मधली भिंत नाही. पण कवच आणि शिसे यांच्या सीमेवर केसाएवढी करड्या रंगाची अखंड रेघ आहे, तळापासून उमललेल्या पाकळीच्या टोकापर्यंत. पाकळी जिथे पूर्ण मागे वळली आहे, तिथेही शिसे तांब्याला धरून वळले आहे, आणि त्यात रेड्याच्या बरगडीचा तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा रुतलेला आहे. छायाचित्र उद्या उजेडात काढून चढवतो.